साबणाच्या डब्यांची रांग

खट्‌.

बाहेर फरशीवर काहीतरी पडलं आणि सहा पलंगांच्या खोलीतली पहाटेची शांतता मोडली. आईनं शेजारी हात फिरवला. चादर गार. लेक जागेवर नव्हती.

ती धावतच बाहेर आली. लेक बोळात उकिडवी बसली होती. हॉस्टेल स्वस्तातलं, बाथरूम एकच. म्हणून झोपण्यापूर्वी प्रत्येक बाई आपली साबणाची डबी बाथरूमच्या दाराशी रांगेत ठेवायची. डबी असेल तिथं नंबर. लेकीनं त्या रांगेची आगगाडी केली होती. लाल इंजिन पुढे, बाकीच्या रंगांप्रमाणे जुळवून मागे.

"आई, झुकझुक!"

"अगं बाई, हे काय करून ठेवलंस!" नऊला मुलाखत होती, त्यासाठीच तर ती लेकीला घेऊन इथे उतरली होती. तिची डबी पाचवी होती, पण आता ते कोण ऐकणार?

खोलीत वरचा पलंग करकरला. नर्स खाली उतरली. "माझी पहिली होती."

"तुमची कसली पहिली? मी माझ्या हातानं ठेवली होती तुमच्या पुढे," खेळाडू मुलगी दारातूनच म्हणाली. "मला मैदानावर पोचायचंय."

"आणि मी काय इथे हवा खायला आलेय?"

आईनं लेकीला दंड धरून बाजूला घेतलं. एवढ्यात घोरणाऱ्या मावशी डोळे चोळत आल्या. गाडीतली हिरवी डबी त्यांनी उचलली आणि लाल इंजिनाच्या पुढे ठेवली. हिरवी डबी आईची होती.

"हिचा पहिला नंबर. इंटरव्ह्यू आहे तिचा."

आई चपापली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच की! काल जेवल्यापासून चादरीत तोंड खुपसून उत्तरं घोकत होतीस. या खोलीत कुणी कूस बदलली तरी चौघींना कळतं."

"मावशी, तुम्ही तर घोरत होतात!" नर्स म्हणाली.

"घोरते नाकानं. ऐकते कानानं."

खेळाडू मुलगी हसत सुटली. मग आईला म्हणाली, "ताई, तिसऱ्या प्रश्नाला अडखळता तुम्ही. पाच वर्षं काय करत होतात, त्याला."

"आवाजच बसतो तिथे," नर्स म्हणाली. "चोरी केल्यासारखा."

"म्हण बघू आता," मावशींनी फर्मावलं.

खांद्यावर टॉवेल, केस विस्कटलेले. आई पुटपुटली, "मुलगी वाढवत होते. आता मला काम करायचंय."

"मोठ्यानं!"

"मुलगी वाढवत होते! आता मला काम करायचंय!"

भिंतीपलीकडच्या खोलीतून एक झोपाळू आवाज आला, "हां, आता जमलं!"

सगळ्या खो खो हसल्या. आईसुद्धा. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

ती अंघोळ करून, तयार होऊन आली, तोवर नर्सनं लेकीच्या दोन वेण्या घातल्या होत्या. आई लेकीच्या पायाशी बसून तिच्या बुटांचे बंद बांधू लागली. अजून हसूच येत होतं. लेक वाकून तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आई, इथे तुझं सगळ्यांना ऐकू येतं."

"येतं बाई. भिंतीसुद्धा ऐकतात."

"मग घरी का नाही गं येत कुणाला?"