शाहिस्ता वकिलांची चौकशी

शाहिस्ता वकिलांचं नाव हायकोर्टाच्या जजपदासाठी दिल्लीला गेलं आणि शाहूवाडीच्या आण्णांनी राष्ट्रपतींच्या सहीची वाट न बघताच शहरात शाहूपुरीच्या चौकात फ्लेक्स ठोकला : ‘सरकारला वाकवून आमच्या शाहूवाडीची खाण बंद पाडणारी वाघीण!’ गावाची ती केस बाईंनीच जिंकून दिली होती.

मग एक दिवस साध्या कपड्यातला एक माणूस आला. त्यानं फ्लेक्सचा फोटो काढला आणि आण्णांना चहाच्या गाड्यावर गाठलं.

“दिल्लीहून चौकशी आहे. या बाई सरकारच्या फारच विरोधात दिसतात?”

आण्णांनी हातातला चहा खाली ठेवला. आपल्या हौसेपायी बाईंची फाईल आता दिल्लीतच कुजणार!

“छ्या वो पावणं! फ्लेक्सचं काय खरं धरताय? पोरं काय बी छापत्यात. बाई लई मऊ हायत. सरकारी वकिलानं डोळं वटारलं की गप खाली बसत्यात.”

“मग खाण बंद कशी पडली?”

“आतला माल संपला की! मालकच पळाला.”

“म्हणजे वरून निरोप आला तर ऐकतील?”

मंत्र्याच्या माणसाला ह्याच बाईंनी ऑफिसातून हाकलून दिलेलं आण्णांनी डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांची जीभ उचलेना. तरी त्यांनी ती रेटलीच.

“ऐकत्यात की. शब्दाभाईर न्हाईत.”

पावणा पहिल्यांदाच हसला.

“बरं झालं भेटलात. कोर्टात अशीच माणसं पाहिजेत.”