मनानं भरलेली चिठ्ठी

केंकरेबाई मोबाइल कंपनीच्या कार्यालयात तरातरा शिरल्या, तसा मुख्य इंजिनिअर निशिकांत सवयीनं उठून उभा राहिला. सातवीत तो त्यांच्याच वर्गात होता.

“बसा ना, बाई.”

“बसायला नाही आले. परवा डोंगरातल्या गावाहून माझ्या बहिणीचा, कुसुमचा, फोन आला. ‘साप चावलाय, गाडी पाठव,’ असं ती ओरडत होती, हे तिच्या शेजारणीनं ऐकलंय. मला मात्र ऐकू आलं, ‘मी बरी आहे गं, तू जेवलीस का?’ ‘जेवले,’ म्हणून मी फोन ठेवला! आता ती दवाखान्यात मरणाच्या दारात पडली आहे.”

निशिकांतनं मान खाली घातली. “डोंगरात रेंज तुटते, बाई. आवाजाचे तुकडे हरवतात. मग त्या माणसाचं रोजचं बोलणं आठवून नेटवर्क ते तुकडे त्याच्याच आवाजात भरतं. शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर भरतं.”

“वर्गातला चिठ्ठ्यांचा खेळ विसरलास? एका निरोपाचे दहा तुकडे करून हातोहात पाठवायचो. त्यातला चौथा हरवला तर काय करायचं?”

“परत मागायचा.”

“आणि कुणी मनानं लिहून भरला तर?”

“छडी,” तो पुटपुटला.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. नंबर कुसुमचा होता. त्यांनी घाईघाईनं स्पीकर लावला.

“मी बरी आहे गं, तू जेवलीस का?”

आवाज थेट कुसुमचा. बाईंनी फोन निशिकांतच्या तोंडासमोर धरला.

“सांग गाढवा, हे कोण बोललं?”