सोमवारची बाई

“डोळे मिटा, आणि सोमवारी ऑफिसच्या दारातून आत येणारी बाई कशी दिसते ते मला सांगा. आरशात बघून सांगू नका हं.”

ऑफिसचे कपडे निवडून घरपोच पाठवणाऱ्या कंपनीतली मुलगी फोनवर असं म्हणाली होती, आणि वहिनीने खरोखरच डोळे मिटले होते. बाई उंच आहे, तिने सांगितलं. मान ताठ, खांदे सरळ. गडद निळा रंग तिला खुलून दिसतो. बोलता बोलता बाह्या कोपरापर्यंत सारायची सवय आहे. मुलगी खूश झाली. इतकं नेमकं कुणी सांगत नाही, म्हणाली. मग तिने मापं विचारली, आणि ती सांगतानाही वहिनीला डोळे उघडायचं भान राहिलं नाही.

आज खोका आला. सोमवारी मालवाहतुकीच्या एका लहानशा ऑफिसात ती कामाला लागणार होती. मुलं झाल्यापासूनची ही पहिलीच नोकरी. तिने पलंगावर खोका उघडला आणि गडद निळा ब्लेझर अंगात घातला. बाह्यांनी तिची बोटं गिळून टाकली. खांदे ओघळले. पँट पायाखाली येऊन लोळायला लागली. आरशात बघितलं, तेव्हा आपण फोनवर कुणाचं वर्णन केलं ते तिला कळलं.

आणि तेवढ्यात ती आलीच. नणंद. घरात सगळे तिला चिमणी म्हणत, उंचीने ती दादाच्या कानाला लागत असली तरी. शनिवारी दुपारी ती अशीच डोकवायची, आणि दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, हातातलं काम टाकून तिच्याशी गप्पा मारायला बसायचा. मुलांना अभ्यासाला बसवताना चिमणीचं उदाहरण, वहिनीला फोनवर नीट बोलायला शिकवताना चिमणीचं उदाहरण. मीठ जास्त झालं तरी चिमणीचं नाव निघेल की काय, असं वहिनीला वाटे.

“बघू तरी काय काय पाठवलंय,” म्हणत नणंदेने तो ब्लेझर तिच्या अंगावरून उतरवून घेतला आणि स्वतः चढवला. बाह्या कोपरापर्यंत सारल्या. जणू शिंप्याने तिलाच समोर उभं करून शिवला होता.

“याला म्हणतात कपडा,” दारात येऊन दादा म्हणाला. “मघाशी हिच्या अंगावर मला वाटलं, खुंटीलाच लटकवलाय.” स्वतःच्याच विनोदावर हसत तो चहा टाकायला आत गेला.

पोटात दुखायला लागलं की वहिनी नेहमी घड्या घालायला घेई. तिने पँटची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

नणंदेने ब्लेझर काढला नाही. दार लोटून घेतलं आणि पलंगाच्या कडेला टेकली.

“वहिनी, हा मला नेऊ दे. बुधवारपुरता.”

“तुला कपड्यांची कसली गं वाण?” वहिनी म्हणाली. शब्द साधेच होते, पण आतलं टोक तिचं तिलाच लागलं.

नणंद खाली बघून बोलू लागली. तिची नोकरी जाऊन दोन महिने झाले होते. रोज सकाळी तयार होऊन ती घरातून निघायची आणि वाचनालयात जाऊन बसायची. कपाटातला प्रत्येक कपडा तिला त्या जुन्या ऑफिसचा वाटायचा. अंगात घातला की समोरच्याला सगळं दिसेल अशी भीती वाटायची. बुधवारी मुलाखत होती.

वहिनीला आधी वाईट वाटलं नाही. आधी गार वाटलं, उन्हातून येऊन घोटभर पाणी प्यावं तसं. मग त्या गारव्याचीच लाज वाटली.

“दादाला मात्र कळू देऊ नकोस,” नणंद म्हणाली. “दुसरी मिळेपर्यंत.” तिने शपथ घातली नाही. नुसता वहिनीचा हात धरून ठेवला.

“नाही कळू देणार,” वहिनी म्हणाली.

ब्लेझर पिशवीत घालून नणंद लगबगीने गेली, चहालाही थांबली नाही. दादा दोन कप घेऊन खोलीत आला. एवढ्या मोठ्या हुद्द्यावरच्या बाईला तुझा कोट आवडला, म्हणजे नशीबच म्हणायचं, असं म्हणत त्याने एक कप तिच्यापुढे ठेवला. मग त्याला एकदम सुचलं. त्या मालवाहतुकीच्या कोंदट खोलीत कशाला जायचं? चिमणीच्या ऑफिसात कुठेतरी चिकटवून घेतील. तिच्या साहेबांशी त्याची चांगली ओळख होती.

“थांब, आत्ताच विचारतो त्यांना,” म्हणून त्याने खिशातून फोन काढला आणि नंबर शोधायला लागला.

एक वाक्य वहिनीच्या जिभेवर तयार होतं. ते बोललं असतं, तर या घरातलं चिमणीपुराण त्या दुपारीच संपलं असतं. किंवा बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प बसलं असतं तरी साहेबांनीच सांगितलं असतं.

“अहो, ठेवा तो फोन,” ती म्हणाली. “मला नाही जमायचं तिच्यासारखं.”

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बायकोच्या तोंडून हे तो पहिल्यांदाच ऐकत होता. अंगठा फोनवर तसाच राहिला, मग त्याने फोन खिशात टाकला.

“तेही खरंच,” तो समाधानाने म्हणाला. “चिमणीची गोष्टच वेगळी.”

“वेगळीच आहे,” वहिनी म्हणाली. तिने कप उचलला, त्याच्या शेजारी बसली आणि नणंदेचं कौतुक आपणहून सांगायला लागली.