न कापलेलं मध्यंतर

"बायकांच्या पर्समधला पसारा कोण उपसतंय!" म्हणत प्रबोधनं चालू रेकॉर्डर बायकोच्या पर्समध्ये दडवून सिंगापूरच्या सभागृहात नेला. मैफिलीचं अख्खं रेकॉर्डिंग त्यानं जगभरच्या तेवीस संग्राहकांना पाठवलं. कापाकापी करणारा त्यांच्या देवाणघेवाणीतून बाद व्हायचा. महिन्याभरानं सिंगापुरातल्याच बुकित बातोक भागातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये त्या तेविसांपैकी टोरंटोच्या दामल्यांची मेल आली: "मारवा अप्रतिम! मध्यंतर ऐकून काळजात चर्र झालं. वहिनी कशा आहेत?" तानपुऱ्याची तार किंचित उतरली तरी टिपणारा प्रबोध मध्यंतर कधीच ऐकत नसे. त्यानं हेडफोन चढवले. मैफिलीच्या मध्यंतरात तो कॉफी आणायला उठल्यावर, पर्समधला रेकॉर्डर विसरून बायको मैत्रिणीला सांगत होती: "बायॉप्सीचा रिपोर्ट वाईट आलाय गं. प्रबोधला एवढ्यात नको सांगूस. किती खुशीत आहे आज!" त्यानं हेडफोन उतरवले. तेवीस परक्यांना महिनाभर ठाऊक होतं. स्वयंपाकघरातून तिनं विचारलं, "नवीन काही मिळालं का रे?"