शिंपीणबाईंच्या दारात

आतड्याच्या ऑपरेशनला चार दिवस झाले, तरी काकांच्या ढब्बू कुत्र्याला शी झाली नव्हती. “आज नाही झाली, तर पुन्हा पोट उघडावं लागेल,” डॉक्टर म्हणाले होते. काका दीड तास त्याला गल्लीतून फिरवत होते. ढब्बू प्रत्येक खांब हुंगून, गोल फिरून पुढे निघायचा. “गाढवा, मुहूर्त काढू का?” काका करवादले. शेवटी बसला, तो नेमका शिंपीणबाईंच्या दारात. याच कारणावरून त्यांचा काकांशी वर्षभर अबोला होता. बाई झाडू उगारून धावल्या. “माझंच दार दिसतं का याला?” “मला मारा, पण त्याला उठवू नका!” काकांनी हात जोडले. “नाहीतर पुन्हा कापतील हो.” बाईंनी पोटावरचे टाके पाहिले. “मग टक लावून काय बघताय? लाजतंय ते!” काकांनी निमूट तोंड फिरवलं. जरा वेळाने मागून बाई ओरडल्या, “झाली!”