पदराला टोचलेली सुई

"इथे दुखतं अजून?" कंबर दाबत डॉक्टरांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. खरं तर पंधरा दिवसांपासून काहीच दुखत नव्हतं. हे शेजारीच उभे होते, म्हणून तोंड जरा वाकडंही केलं.

न्हाणीघरात घसरून मणक्याला चीर गेली, तेव्हा तीन महिने वाकायचं नाही असं ठरलं. सासूबाईंनी स्वयंपाकाला बाई लावली. मी उशांना टेकून बसले आणि लग्नानंतर बावीस वर्षांनी हातात ब्रश धरला. सासऱ्यांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यांवर पाखरं रंगवायची, मग धावदोरा घालून गोधडीला जोडायची. सुरुवातीला कळ आली की डोळ्यांत पाणी यायचं, पण हात थांबत नसत. भर दुपारी, कुणाचीही हाक न येता, मी एका पोपटासाठी तासभर हिरवा रंग कालवत बसे. एवढी मोकळीक मला माहेरीसुद्धा मिळाली नव्हती.

"मग अजून महिनाभर आराम करा," डॉक्टर म्हणाले.

मी खुशीत उठले, तशी पदराला टोचलेली सुई खाली पडली. कुणाच्या पायात जाईल म्हणून चटकन वाकले आणि उचलली.

यांचा चेहरा उजळला. तिथूनच त्यांनी घरी फोन लावला. "आई, ही बरी झाली गं! बाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांग."

सुईत निळा दोरा तसाच ओवलेला होता. गोधडीवरच्या खंड्याचा एकच पंख शिवून झाला होता.