माप न घेता

मुलीने कापड आईच्या मांडीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकली.

"शाळेच्या कार्यक्रमाला फ्रॉक शिवाल? पण माप घ्यायचं नाही. तुम्ही नेहमी शिवता तसाच. मी वर्गात सगळ्यांना सांगितलंय."

आई तुरुंगातून घरी येऊन तीन दिवस झाले होते. तीन दिवसांत पोरगी आपणहून बोलली ती ही पहिल्यांदाच. तेही सख्ख्या आईला 'तुम्ही', पाहुण्यांना म्हणावं तसं. एरवी ती आजीच्या कुशीत शिरून बसायची आणि तिथून आईकडे टकामका बघायची. आईने हात पुढे केला की तिला नेमका गृहपाठ आठवायचा.

सहा वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. भावाच्या भानगडीत आईने खोट्या कागदावर सही केली. भाऊ पसार झाला आणि ही आत गेली. पोर तेव्हा तीन वर्षांची. 'तिला इथे आणायचं नाही' असं तिने नवऱ्याला निक्षून सांगितलं आणि त्याने ते पाळलं. मग तुरुंगाच्या शिवणखात्यात ती दर वाढदिवसाला एक फ्रॉक शिवायची. डोळे मिटायचे, एवढी झाली असेल म्हणायचं आणि कात्री लावायची. पुढच्या भेटीत नवरा सांगायचा, "अगदी मापात बसला." त्या तीन शब्दांवर ती दोन-दोन महिने काढायची. पोर समोर नसली तरी आईच्या हाताला माप कळतं, याचा तिला फार अभिमान होता. दुसरं अभिमान धरावा असं काही उरलंही नव्हतं.

"शिवते की," ती म्हणाली. "जुना एखादा आण. गळा कसा आवडतो ते बघते."

सासूबाई खिडकीपाशी पाठ करून मशीन चालवत होत्या. चाळीस वर्षं त्या गल्लीचे कपडे शिवत आल्या होत्या. डावखुऱ्या, म्हणून सगळे त्यांना डावऱ्या मावशी म्हणत. सुनेला शिवण त्यांनीच शिकवलं होतं. पण सहा वर्षांत त्या एकदाही भेटीला आल्या नाहीत, चार ओळींचं पत्रही नाही. तीन दिवसांपूर्वी सून दारात उभी राहिली तेव्हा "आलीस? हातपाय धू" एवढंच म्हणाल्या. पोरीचे कान यांनीच भरले असणार, याबद्दल सुनेच्या मनात शंका नव्हती.

पोरीने सगळ्यात नवा फ्रॉक आणून दिला आणि शेजारच्या मैत्रिणीला बातमी द्यायला पळाली.

शिंप्याची खोड, आईने तो आधी उलटा केला. आणि बघतच राहिली. बाजूच्या शिवणी उसवून पुन्हा घातलेल्या होत्या. काखेखाली दोन बोटं रुंद पट्टी जोडली होती, रंगाला रंग मिळवून. खालची दुमड सोडून नव्याने घातली होती, हाताने. टाके सगळे उलट्या बाजूला झुकलेले. असे टाके डाव्या हाताचेच पडतात.

तिने कपाटाचा खण ओढला. बाकीचे पाचही तिथे घडी करून ठेवलेले होते. पहिला एवढा ढगळ शिवला होता की चारी बाजूंनी आत घ्यावा लागला होता. तिसऱ्याच्या बाह्या नव्या होत्या. एका फ्रॉकात तर तिचं स्वतःचं असं कॉलर आणि बटणं एवढंच उरलं होतं.

तिने सासूबाईंकडे वळून विचारलं, "आई, यातला एकही बसला नव्हता?"

मशीन थांबलं. सासूबाईंनी मान वळवली नाही.

"हळू बोल. पोरीला ठाऊक नाही, आणि तिच्या बापाला काज आणि बटण यातला फरक कळत नाही. माझी आई नुसती आठवून शिवते आणि बरोब्बर बसतं, असं ती गावभर सांगत असते."

"तुम्ही कधी भेटायला आला नाहीत. मला वाटलं..."

"राग आला होता तुझा. अजून आहे. पण तो माझा. तिला कशाला?"

सुनेने फ्रॉक पुन्हा घडी घालून ठेवले. तिला आपल्याच मनाची लाज वाटली. मग मांडीवरच्या कापडाकडे लक्ष गेलं आणि ती घाबरली. "आता काय करू? माप घेतलं तर तिला कळेल. अंदाजाने शिवला तर सगळ्या वर्गापुढे तिचं हसं होईल."

"माप टेपनेच घ्यायचं असं कुणी सांगितलं?" सासूबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "सहा वर्षं मी कसं घेतलं? जवळ घे तिला."

तेवढ्यात पोरगी धापा टाकत परत आली. "जमेल ना?"

"जमेल. इकडे ये आधी."

पोरीने आजीकडे पाहिलं. आजीने नुसती मान हलवली. पोरगी आली आणि काठीसारखी ताठ उभी राहिली. आईने तिला कवेत घेतलं. पाठीमागे आपले हात कुठवर पोचतात ते पाहिलं आणि मग बघायचं विसरून गेली. हळूहळू एक हनुवटी तिच्या खांद्यावर टेकली.

"तू रडतेस का?"

"नाही गं."

पोरगी पुन्हा बाहेर खेळायला गेली. मशीन सुरू झालं.

"किती?" सासूबाईंनी विचारलं.

"पंचवीस."

"सव्वीस धर. वाढतं अंग आहे."